महाडीबीटीचा फॉर्म भरताय? या चुका टाळा

गेली बारा वर्षं मी तालुक्याच्या गावातल्या एका फार्मसी कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते. आधी कागदी फॉर्मचे गठ्ठे होते, मग महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीच्या अर्जांचं पोर्टल आलं. पोर्टल थोडंफार बदलत राहतं, मुलं दर वर्षी नवी येतात, चुका मात्र त्याच. त्या चुकांपायी कुणाचे वडील व्याजाने पैसे उचलतात, कुणाच्या धाकट्या बहिणीचं ॲडमिशन एक वर्ष पुढे जातं. हे बघवत नाही म्हणून लिहितेय.

सगळ्यात जास्त पैसे अडकतात ते बँकेच्या खात्यापाशी. 'आधार लिंक आहे मॅडम' हे वाक्य मी दिवसाला वीस वेळा ऐकते. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे फक्त केवायसी, म्हणजे ओळख पटवणं झालं. सरकारी पैसे यायला आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधार क्रमांक त्या बँकेशी जोडणं लागतं आणि ते वेगळं. शिष्यवृत्ती तुमच्या आधार क्रमांकावर सुटते. एनपीसीआय ही बँकांमधले पैशांचे व्यवहार सांभाळणारी संस्था, तिच्या नोंदीत त्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव शेवटचं चढलंय, तिथे ती जाते. हातातलं पासबुक कुठल्या बँकेचं आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. पोर्टलवर हप्ता जमा दिसत होता, पासबुकात एक रुपया नव्हता. तिचे वडील मजुरी बुडवून तीनदा कॉलेजात आले. तिसऱ्या वेळी त्यांनी मला सरळच विचारलं, 'मॅडम, पैसे तुम्ही लोकांनी ठेवून घेतले का?' मला राग नाही आला, त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं. मग मुलीला शेजारी बसवून आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंगची स्थिती उघडली. तिथे भलत्याच बँकेचं नाव. बराच वेळ आठवल्यावर तिच्या ध्यानात आलं की अकरावीत असताना सिमकार्ड घ्यायला गेली होती, तेव्हा दुकानदाराने दोनदा अंगठा घेतला होता. दुसऱ्या अंगठ्यावर तिच्या नावाने एका पेमेंट बँकेत खातं उघडलं गेलं आणि आधार तिकडे जोडलं गेलं. पैसे तिथे पाच महिने पडून होते. तोवर फी भरायला आईने गळ्यातली पोत गहाण टाकली होती.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. फॉर्मला हात लावायच्या आधी प्रत्येकाने माझ्यासमोर, स्वतःच्या फोनवर, ओटीपी टाकून सीडिंगची स्थिती उघडायची. बँकेचं नाव आणि 'ॲक्टिव्ह' हा शब्द दिसला की ते नाव मी आधारच्या झेरॉक्सवर पेनाने लिहून ठेवते. नाव चुकीचं असेल तर बँकेच्या शाखेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरायचा, पोच घ्यायची आणि आठवड्याने पुन्हा बघायचं. वर्षाचे सगळे हप्ते हातात पडेपर्यंत कुठल्याही दुकानात नव्या खात्यासाठी अंगठा द्यायचा नाही. आणखी एक. पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या छोट्या खात्यात वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. तसं खातं असेल तर केवायसी आधी पूर्ण करून घ्या.

दुसरी चूक माझ्या मनाला जास्त लागलेली आहे. फॉर्म कॅफेत भरून घेणं. सीझनमध्ये कॅफेवाला दिवसाला तीस-चाळीस फॉर्म उरकतो. ओटीपीसाठी प्रत्येकाला थांबवायला नको म्हणून स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो, पासवर्डही स्वतःच ठरवतो. मुलं खूश, दहा मिनिटांत काम झालं. मला या दहा मिनिटांची धास्ती वाटते. फॉर्म कॉलेजकडून किंवा विभागाकडून सेंड बॅक झाला, म्हणजे दुरुस्तीसाठी परत आला, की मेसेज त्याच नंबरवर जातो.

वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलाच्या फॉर्मवर कॅफेवाल्याने 'घरून ये-जा' असं भरलं होतं. मी फॉर्म सेंड बॅक केला. मेसेज कॅफेत गेला. दरम्यान कॅफे बंद पडला, माणूस गाव सोडून गेला, लॉगिन कुणालाच ठाऊक नाही. पोर्टल बंद झालं तेव्हाही फॉर्म सेंड बॅकमध्येच होता. वर्षाचे पैसे गेले आणि पुढच्या वर्षी तो मुलगा कॉलेजात दिसला नाही. सेंड बॅक मीच केला होता, एक फोन करायला हवा होता. आता प्रत्येक सेंड बॅकला मी फोन करते. पण माझ्याकडेही कॅफेचाच नंबर असेल तर मी काय करणार? घरी कॉम्प्युटर नसेल तर कॅफेत जरूर जा, पण शेजारी बसून प्रत्येक रकाना स्वतः वाचा. नंबर तुमचाच द्या आणि युजरनेम-पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. तीन वेळा फॉर्म सेंड बॅक होण्यापेक्षा एक दुपार गेलेली परवडते.

सध्याचा मोठा गैरसमज म्हणजे 'मुलींना फी माफ आहे, मग फॉर्म कशाला?' ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना कॅप फेरीतून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के मिळतं. पण ते महाडीबीटीवरच्या अर्जातूनच मिळतं. फॉर्म न भरलेल्या मुलीच्या नावावर फी बाकी राहते, आणि शेवटच्या वर्षी दाखला मागायला आल्यावर ते घरी कळतं. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ही सवलत नाही, हेही प्रवेश घेण्याआधीच समजून घ्या.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच लागतो, तलाठ्याचा चालत नाही. त्यावरचा बारकोड क्रमांक एकेक आकडा बघून टाका. दाखला कधीपर्यंत वैध आहे ते खाली लिहिलेलं असतं, ते वाचा. एप्रिल-मे मध्येच काढून ठेवा, निकालानंतर दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला मर्यादा अडीच लाखांची आहे, राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेला ८ लाखांची. त्या आकड्यात बसवायला उत्पन्न कमी दाखवून आणू नका. असा फॉर्म माझ्याकडे आला तर मी पुढे पाठवत नाही.

आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव वेगळं असेल तर ते ॲडमिशनच्या आधी दुरुस्त करा.

कागद २५६ केबीच्या आत बसवताना इतके दाबू नका की शिक्का वाचता येणार नाही.

मुलं बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत आणखी चांगलं कॉलेज मिळवायला थांबलेली असतात, तरी पहिल्या फेरीतल्या कॉलेजच्या नावाने फॉर्म भरून टाकतात आणि मग कॉलेज बदलतं. जुना अर्ज रद्द होईपर्यंत नव्या कॉलेजचा अर्ज अडून बसतो. प्रवेश पक्का होऊ द्या, चार दिवस थांबा. जातवैधता प्रमाणपत्राचं उलटं आहे, तिथे थांबू नका. बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडे प्रस्ताव पाठवा.

पहिल्या वर्षी फॉर्म भरला म्हणजे पुढची वर्षं आपोआप मिळतील असं नाही. दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो.

मुदत वाढते, हे मुलांनी आता गृहीतच धरलंय. शेवटच्या दोन दिवसांत पोर्टल रांगतं, ओटीपी येत नाही. मग मुलं माझ्या खिडकीशी रडवेली होऊन उभी राहतात आणि माझ्या हातात काहीच नसतं.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठी शेवटचं. २०२१-२२ पासून भारत सरकार शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली कॉलेजची फी सात दिवसांत भरायची असते. घरात अडचण असते, पैसे समोर दिसतात, बियाण्याला किंवा दवाखान्याला जातात. मला ते कळतं. पण कॉलेजची बाकी तशीच राहते आणि पुढच्या सत्राचा परीक्षा फॉर्म अडतो. बँकेचा मेसेज आला की त्याच दिवशी फीची रक्कम वेगळी काढा, कॉलेजात भरा आणि पावतीची एक झेरॉक्स मला आणून द्या. मी ती तुमच्या फाईलला लावते.