पालकांना मुलासोबत पुस्तक वाचायला कसं शिकवावं

पालकसभेत ‘मुलांना वेळ द्या’ असं सांगून काहीही होत नाही. वेळ द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी दाखवतच नाही. बालवर्गाच्या शिक्षकांनी पालकांना एकच काम द्यावं: रोज दहा मिनिटं, एक चित्रांचं पुस्तक.

पुस्तक आठ-दहा पानांचं, चित्रात काहीतरी घडत असलेलं. आठवडाभर तेच घरी राहू द्या. तिसऱ्या-चौथ्या वाचनाला मूल खरं बोलू लागतं.

मुलाला न्यायला येतात तेव्हा दोघा-तिघांना पंधरा मिनिटं थांबवा. आजी-आजोबा येत असतील तर त्यांनाच दाखवा. दोन पानं तुम्ही वाचा, मग पुस्तक त्यांच्या हातात द्या.

खरी अडचण इथून पुढे. पुस्तक हातात आलं की पालक परीक्षा घेऊ लागतात. ‘हे काय? रंग कोणता? सांग ना, काल तर सांगितलं होतंस!’ मूल उठून पळतं आणि ‘ह्याला पुस्तकाची आवडच नाही’ असा शिक्का बसतो. आवड असते, उलटतपासणी नको असते.

म्हणून एका पानावर एकच प्रश्न, तोही नुसतं नाव विचारणारा नको. ‘हे काय?’ऐवजी ‘मांजर काय करतंय?’ मग गप्प बसायचं. मनात पाच आकडे मोजायला सांगा. मोठ्यांना एवढी शांतता सोसत नाही, दुसऱ्याच सेकंदाला ते स्वतः उत्तर देऊन टाकतात. पण तीन वर्षांच्या मुलाला प्रश्न समजून शब्द शोधायला तेवढा वेळ लागतोच.

मूल ‘पळतंय’ म्हणालं, तर ‘हो, मांजर भिंतीवरून पळतंय.’ एवढीच भर. ‘पूर्ण वाक्यात बोल’ अजिबात नाही. कुत्र्याला मांजर म्हणालं, तर ‘कान बघ किती लांब, कुत्रा आहे हा.’ काहीच बोललं नाही, तर आपणच चित्राबद्दल एक वाक्य बोलून पान उलटायचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८मध्ये साधारण दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना असंच वाचायला शिकवलं, तेव्हा महिनाभरात मुलांच्या बोलण्यात फरक दिसला.

पालक चुकले तर मुलासमोर बोलू नका, ते पुन्हा थांबणार नाहीत. पुढचं पान स्वतः घ्या आणि करून दाखवा.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी चित्रं बघून घरच्या बोलीत गोष्ट सांगावी. त्यात काही कमी नाही. हे त्यांना आवर्जून सांगा, नाहीतर ते लाजून पुस्तक नेतच नाहीत.

आठवड्याने ‘वाचलं का?’ विचारू नका, ‘हो’ म्हणणं सोपं असतं. ‘कोणत्या पानावर थांबायला लावतो?’ असं विचारा. वाचलं असेल तर पान लगेच सांगतात. नसेल, तर न बोलता तेच पुस्तक आणखी आठवडाभर द्या.