दुकानात धावण्याआधी वाटीने मोजा

24 मार्च 2020 च्या रात्री 8 वाजता 21 दिवसांच्या लॉकडाउनची घोषणा झाली आणि तासाभरात किराणा दुकानांसमोर झुंबड उडाली. सुरक्षित अंतर तिथेच संपलं. पुन्हा तशी वेळ आली तर आधी स्वयंपाकघरात जा. रोज 2 वाट्या तांदूळ लागत असेल, तर 15 दिवसांचे होतात 30 वाट्या, म्हणजे जेमतेम 4-5 किलो. तेवढा बहुतेक वेळा डब्यात असतोच! डाळ, तेल, चहा-साखर असंच मोजा आणि कमी पडेल तेवढंच यादीत लिहा.

भाजी मिळेनाशी झाली की खरा आधार कडधान्यांचा. मूग, मटकी रात्रभर भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी मोड येतात. वाटीभर मटकीची घराला पुरेल एवढी उसळ होते. दाण्याचं कूट, आमसुलं, सुकं खोबरंही हाताशी असू द्या. पिठापेक्षा गहू जास्त टिकतो. रवा भाजून ठेवला तर लवकर किडत नाही.

शेजारी एकटे आजी-आजोबा असतील तर त्यांची यादीही सोबत न्या. गर्दीत त्यांनी अजिबात जाऊ नये.