कुत्र्याच्या पिल्लाला कच्च्या मांसावर आणण्याआधी (आणि हो, हाड मोजा)

गेल्या खेपेला माझी तयारी बघून कुणीही शाबासकी दिली असती. वेगळा चॉपिंग बोर्ड, वेगळी सुरी, तारखा लिहिलेले डबे, फ्रीजच्या दारावर तक्ता. राहिलं ते फक्त हाड. आहाराचं नावच ‘मांस आणि हाडं’, त्यातला दुसरा शब्द मी पुढे ढकलला. माझं पिल्लू, गुंडी, लहान आहे, दुधाचे दात आहेत, घशात अडकलं तर काय, असं म्हणत सहा आठवडे तिला बिनहाडाचा खिमा घातला. ती मजेत होती. केसांना चकाकी, भांडं चाटूनपुसून साफ. मग एका संध्याकाळी सोफ्यावरून उतरताना किंचाळली आणि मागचा पाय टेकेना. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. हाड पांढरंशुभ्र दिसायला हवं, ते आजूबाजूच्या मांसाइतकंच फिकट होतं, आणि मध्येच कोवळी फांदी वाकून चिरावी तशी चीर.

कारण साधं आहे, म्हणून जास्त राग येतो. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. दोन्हींत दहा पटींहून कितीतरी जास्त फरक. कलेजीत तर आणखी वाईट. वाढत्या पिल्लाला मात्र कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं, १.२ ला १ च्या आसपास. ते पोटातून मिळालं नाही की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी कामाला लागतात आणि हाडांतून काढून रक्तात ओततात. म्हणजे रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, पिल्लू खेळकर, आणि आत हाडं विरत चाललेली. मी ते सहा आठवडे केसांची चकाकी बघत बसले होते.

गुंडी बरी झाली. पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती आणि पिल्लांसाठीचं तयार संतुलित खाणं, बाकी काही नाही. आता घरात दुसरं पिल्लू आलंय, म्हणून ही यादी. मुळात माझ्यासाठी आहे, तुम्हाला उपयोगी पडली तर घ्या.

सगळ्यात आधी डॉक्टर. बहुतेक जण नको म्हणतील. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं, एव्हीएमएनं, २०१२ सालीच कच्च्या प्राणिज आहाराविरुद्ध धोरण जाहीर केलंय, आणि ते उगाच नाही: साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया हे जंतू. ऐकून घ्या, वाद घालू नका. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, खूप म्हातारं माणूस किंवा केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल तर यादी इथेच बंद करा. हे मी घाबरवायला लिहीत नाही. कुत्र्याला बहुतेकदा काही होत नाही, पण त्याच्या शीतून आणि जिभेवरून जंतू घरभर फिरतात. पिल्लू तर दिसेल त्याचं तोंड चाटतं. एवढं ऐकूनही करायचंच असेल, तर प्राण्यांच्या आहाराचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरकडून लेखी पाककृती घ्या. पुढे मी जे आकडे देतेय त्यांनी ढोबळ ताळा येतो, जस्त, मँगनीज, आयोडीन, ई आणि ड जीवनसत्त्व यांचा हिशेब त्यात नाही. मांस-हाड-कलेजी एवढ्यावर ते पुरत नाहीत, आणि वाढत्या वयात ही तूट जास्त महागात पडते.

कधी सुरू करायचं? घरी आल्याच्या आठवड्यात नाही. लस टोचल्याच्या आठवड्यात नाही, जंताचं औषध दिल्यावर लगेच नाही, पोट बिघडलेलं असताना तर नाहीच. जुलाब लागले तर नक्की कशानं लागले ते कळायला हवं, एवढाच मुद्दा. मी यावेळी सोळा आठवड्यांपर्यंत, लसी आटोपेपर्यंत, थांबले. थांबल्यानं काहीही बिघडत नाही. गेल्या वेळी दहाव्या आठवड्यातच हात शिवशिवत होते.

आता सामान. डिजिटल वजनकाटा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, वाटी ठेवून शून्यावर आणता येणारा. वाडगं, बोर्ड, सुरी हे सांगायला नको. वाडगं स्टीलचं, प्लॅस्टिकच्या ओरखड्यांत घाण राहते. पण काटा आधी. काटा नसेल तर मांस आणू नका. ‘अंदाज आहे मला’ म्हणणाऱ्यांनी गुंडीचा एक्स-रे बघावा. मलाही अंदाज होता.

फ्रीजर मोजून बघा, आइस्क्रीम काढून टाका. उणे १८ अंश किंवा त्याखाली. गोठवल्यानं काही परजीवी मरतात, साल्मोनेला मरत नाही, तो नुसता झोपतो. तेव्हा ‘फ्रोझन आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हे डोक्यातून काढा. वितळवायचं ते फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात, खोल ताटलीत. ओट्यावर ठेवून नाही, गरम पाण्यात नाही, आणि मायक्रोवेव्हमध्ये हाडासकट तर अजिबात नाही, कारण कडेनं ते शिजतं आणि शिजलेलं हाड सुरीसारखं फुटतं. शिजलेलं हाड कधीच नाही. उकडलेलं नाही, भाजलेलं नाही, पाहुण्यांच्या ताटातलं नाही. घरातल्या सगळ्यांना बसवून सांगा, कारण लाड करणारा कुणीतरी असतोच.

एका वेळचं एका डब्यात भरा, डब्यावर तारीख घाला, आणि हाडाचे ग्रॅमही लिहा. लिहाच. गेल्या वेळी माझ्या डब्यांवर तारीख होती, मांसाचं नाव होतं, सुंदर अक्षर होतं.

हिशेब असा. चार महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला वजनाच्या साधारण ८ टक्के खाणं धरा. दोन-तीन महिन्यांचं असेल तर ८ ते १०, पुढे उतरत उतरत मोठेपणी २ ते ३. पाच किलोचं पिल्लू असेल तर दिवसाचे ४०० ग्रॅम. त्यात हाड १२ ते १५ टक्के. मोठ्या कुत्र्यांसाठी सगळीकडे सापडणारं ८०-१०-१० चं (टक्क्यांत मांस-हाड-अवयव) गणित पिल्लाला जसंच्या तसं लावू नका. १२ टक्के म्हणजे ४८ ग्रॅम हाड. आता गंमत इथे आहे: ४८ ग्रॅम हाड म्हणजे ४८ ग्रॅम पंख नव्हेत. कोंबडीच्या पंखात निम्म्याहून थोडं कमी, साधारण ४६ टक्के हाड असतं, बाकी मांस आणि कातडी. म्हणून ४८ ग्रॅम हाडासाठी साधारण १०४ ग्रॅम पंख लागतात. अवयव १० टक्के, म्हणजे ४० ग्रॅम, त्यातली निम्मीच कलेजी, २० ग्रॅम, बाकी मूत्रपिंड, प्लीहा असलं. उरले २५६ ग्रॅम, ते मांस. हृदय आणि गिझर्ड (कोंबडीचं स्नायूचं जठर) मांसातच मोजायचे, अवयवांत नाही.

प्रत्येक तुकड्याचं हाड वेगळं. पायाची संपूर्ण तंगडी घेतलीत तर पाव ते एक तृतीयांश हाड. नुसते पंजे, सुमारे ६० टक्के. मान सगळ्यात फसवी: कातडीसकट ३६ टक्के, कातडी सोलली की तीच मान ७५ टक्क्यांवर जाते. कातडी काढून वजन केलंत आणि कातडीसकटचा आकडा लावलात तर दुप्पट हाड पोटात गेलं. म्हणजे कमी पडतं तशीच चूक उलट्या बाजूनंही होते. आणि ती, विशेषतः मोठ्या जातीच्या पिल्लांत, तितकीच वाईट, कारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही. जेवढं जास्त घालाल तेवढं जास्त शोषलं जातं, आणि वाढणारी हाडं-सांधे वाकडे होतात. गुंडीच्या वेळी घाबरून मी वर गोळ्याही सुरू करणार होते. डॉक्टरांनी हात धरला. हाड घालत असाल तर वर कॅल्शियमची पूड नाही. दोन्ही नाही. एक काय ते ठरवा आणि मोजा.

हाड चावताच येत नाही असं पिल्लू असेल (माझं निमित्त हेच होतं) तर दोन वाटा आहेत. एक, हाडासकट दळलेला खिमा. विकणाऱ्याला विचारा हाड किती टक्के, आणि ‘असतं थोडंफार’ हे उत्तर चालवून घेऊ नका. दोन बोटांत चोळून बघा, बारीक रवाळ लागायला हवं, टोचता कामा नये. घरातल्या मिक्सरमध्ये करायला जाऊ नका, मिक्सर जाईल आणि हाडाच्या सुया होतील. दुसरी वाट अंड्याच्या कवचाची पूड: स्वच्छ, उकळून वाळवलेली, पिठासारखी दळलेली. एका ग्रॅममध्ये साधारण ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. किती घालायची ते पाककृती देणाऱ्या डॉक्टरलाच विचारा, चमच्यानं नको, काट्यानं. तिसरी वाट, ‘दात आले की बघू’, ही नाही. दात सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत येतात. हाडं तेवढी थांबत नाहीत.

आणि जनावरांच्या मांडीची नळी नको, ती चघळायलासुद्धा नको. त्या हाडावर दाढा फुटतात. हाड असं हवं की तुमच्या अंगठ्याच्या दाबानं थोडं दबेल, आणि एका घासात गिळता येणार नाही एवढं मोठं हवं. पहिले काही दिवस दुसरं टोक हातात धरा. पिल्लाला चावायचं असतं हे त्यालाच माहीत नसतं, ते गिळायला बघतं. धरून दिल्यानं आणखी एक होतं, तुमचा हात जवळ आला म्हणून ते पुढे गुरगुरत नाही. हाड हिसकावून घेऊ नका, त्याहून चांगलं काहीतरी देऊन अदलाबदल करा. समोर बसा. फोन खाली ठेवा.

मानेचं मांस घेताना नरड्याचा भाग आलाय का बघा. मोठ्या जनावराच्या नरड्याला थायरॉइड ग्रंथी चिकटून येते आणि ती रोज खाल्ली तर कुत्र्याच्या रक्तात थायरॉइडचं संप्रेरक वाढतं. डुकराचं कच्चं मांस नकोच, औजेस्की नावाच्या विषाणूचा रोग कुत्र्याला हमखास मारतो. कच्चे मासे काही जातींत ब-१ जीवनसत्त्व खाऊन टाकतात, द्यायचेच तर शिजवून, काटे काढून. कांदा-लसूण नाही, हे माहीत असेलच.

प्रत्यक्ष बदल: दिवसाच्या जेवणांपैकी एकच कच्चं, एकाच प्राण्याचं, बहुतेकांना कोंबडी सोपी जाते. बाकीची जेवणं जुन्याच खाण्याची. तयार खाणं आणि कच्चं एकाच वाडग्यात मिसळावं का, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मी वेगळं देते, तुम्ही मिसळलंत तर मी भांडायला येणार नाही. तीन दिवस शी नीट राहिली की दुसरं जेवण बदला. सगळं बदलायला सात ते दहा दिवस, नाजूक पोट असेल तर दोन आठवडे. पहिल्या आठवड्यात अवयव नाहीत, चरबी आणि कातडी कमी. पण हाड पहिल्या आठवड्यापासून. नंतर नाही, पोट बसल्यावर नाही. जेवढं जेवण कच्चं, तेवढ्यातलं हाड त्याच दिवशी. मी ‘आधी पोट बसू दे’ म्हणाले होते, पोट चार दिवसांत बसलं आणि मी विसरून गेले.

अर्ध्या तासात जे खाल्लं नाही ते टाकून द्या. फरशी पुसा, हात साबणानं धुवा, वाडगं गरम पाण्यानं.

शी बघायला शिका, दुसरा इतका प्रामाणिक रिपोर्ट मिळत नाही. पांढरट, खडूसारखी, भुगा होणारी, कुंथून येणारी: हाड जास्त. काळपट आणि पातळ: कलेजी किंवा अवयव जास्त. मऊ पण आकार असलेली: ठीक. अगदी छान, तपकिरी, बेताची: ठीक असेलही, पण हाड मोजलंत का? गुंडीची शी सहाही आठवडे सुरेख होती. कमी हाड शीत दरवेळी दिसत नाही, म्हणून तर काटा.

रक्त, वारंवार उलटी, कुंथूनही न होणं, मलूल पडणं, चालताना मागचं अंग लटपटणं, यातलं काहीही दिसलं तर थेट डॉक्टर, सकाळपर्यंत वाट बघणं नाही. पिल्लू काही तासांत सुकतं, आणि छोट्या जातीचं असेल तर उपाशी राहूनही कोसळतं. त्याला ‘एक वेळ लंघन’ देऊ नका. लंगडत असेल तर खेळताना मुरगळलं असेल असं समजू नका. मी दोन दिवस तसं समजले.

पुढचं भराभर. तिसऱ्या आठवड्यापासून कलेजी, वाटाण्याएवढी, मग हळूहळू ठरलेल्या ग्रॅमपर्यंत; जास्त झाली तर अ जीवनसत्त्व साठत जातं. दुसऱ्या प्राण्याचं मांस आठवड्याला एक, एकदम तीन नाही. दर रविवारी पिल्लाचं वजन, आणि त्यावरून नवा हिशेब, हाडासकट, कारण टक्केवारी उतरते आणि वजन चढतं. चार महिन्यांपर्यंत चार जेवणं, सहापर्यंत तीन, मग दोन. दुधाचे दात पडताना हाडावर थोडं रक्त दिसेल, ते चालतं. सहलीला जाताना पंधरा दिवस आधी पेच पडतो, तेव्हा सरळ तयार खाण्यावर जा, परत या, परत सुरू करा. महिन्यानं एकदा डॉक्टरांना दाखवा, तीन महिन्यांनी एक्स-रे काढा म्हणाले तर काढा.

काट्याचा सेल कधीही संपतो आणि नेमका रात्री संपतो. एक जास्तीचा आणून काट्याखालीच चिकटवून ठेवलाय.