मंडळाच्या टी-शर्टसाठी छपाईची पद्धत कशी निवडावी

गणेशोत्सवासाठी मंडळाचे किंवा ढोल-ताशा पथकाचे टी-शर्ट छापायचे ठरले की आधी डिझाइनवर चर्चा रंगते, मग दराची घासाघीस होते आणि कापड कोणते, हा प्रश्न शेवटी निघतो. हा क्रम उलटा हवा, कारण कोणती छपाई टिकेल हे मुळात कापडावरून ठरते.

कापड सुती असेल आणि एकच डिझाइन शंभर-दीडशे नगांवर हवे असेल, तर स्क्रीन प्रिंटिंग निवडावे. त्यात प्रत्येक रंगासाठी जाळीची वेगळी चौकट करावी लागते आणि तिचा खर्च दहा टी-शर्ट छापले काय किंवा दोनशे छापले काय, तेवढाच येतो. म्हणून नग वाढले की दर उतरतो, रंग वाढले की चढतो. एक-दोन रंगांत बसणाऱ्या बोधचिन्हासाठी माझ्या मते याहून टिकाऊ आणि किफायतशीर पर्याय नाही. मात्र छापल्यानंतर शाई पुरेशी तापवून पक्की करावी लागते. प्लास्टिसॉल या प्लास्टिकयुक्त शाईचा थर साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवा आणि ऐन हंगामाच्या घाईत नेमकी इथेच कसर राहते. ती ओळखण्यासाठी तयार टी-शर्टवरची छपाई दोन्ही हातांनी बेताने ताणून पाहावी. शाईला तडे गेले, तर ती कच्ची राहिली आहे असे समजून माल परत करावा.

नग कमी असतील, प्रत्येकाच्या पाठीवर वेगळे नाव हवे असेल किंवा डिझाइनमध्ये फोटोसारख्या रंगछटा असतील, तर डीटीएफ (डायरेक्ट-टू-फिल्म) सोयीचे पडते. यात चित्र आधी फिल्मवर छापतात, त्यावर गोंदाची पूड टाकून ती वितळवतात आणि मग हीट प्रेसने ते कापडावर चिकटवतात. सुती, पॉलिस्टर, गडद, फिकट अशा बहुतेक कापडांवर हे चालते, म्हणून हल्ली दुकानदार तेच आग्रहाने सुचवतात. पण छातीभर सलग छपाई घेतली, तर त्या भागातून हवा खेळत नाही आणि तासन्‌तास ढोल वाजवणारा वादक घामाने अक्षरशः निथळतो. पथकासाठी डीटीएफ घ्यायचेच असेल, तर आकार लहान ठेवावा आणि अक्षरांमागचा रंगीत चौकोन काढून टाकावा.

ड्रायफिट म्हणून मिळणारे कापड बहुधा पॉलिस्टरचे असते. ते पांढरे किंवा अगदी फिके असेल, तर सब्लिमेशन उत्तम. रंग वायुरूप होऊन धाग्यात शिरतो, त्यामुळे हाताला थर लागत नाही आणि सोलपटून निघण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र यात पांढरी शाई नसते, म्हणून गडद कापडावर ही पद्धत चालत नाही. भगव्या किंवा लाल पॉलिस्टरवर पांढरी अक्षरे हवी असतील, तर विशेष जपावे. उष्णतेने कापडाचाच रंग सुटून वरच्या शाईत चढतो आणि शुभ्र दिसणारी अक्षरे काही दिवसांत गुलाबट किंवा नारिंगी होतात. असा रंग अडवणारी शाई किंवा फिल्म वापरणार का, हे छापणाऱ्याला आधीच विचारावे. ठाम उत्तर मिळाले नाही, तर सरळ सुती कापड घ्यावे.

देवनागरी मजकुराची फाइल देताना अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या रेखाकृतींमध्ये, बदलून द्यावीत, कारण आपला फॉन्ट छापणाऱ्याच्या संगणकावर नसला, तर वेलांट्या आणि जोडाक्षरे हमखास विस्कटतात. रफार, अनुस्वार आणि बारीक रेषा यांना पुरेशी जाडी ठेवावी. त्या फार नाजूक असल्या, तर स्क्रीनमध्ये बुजतात आणि डीटीएफमध्ये धुताना उचकटतात.

आगाऊ रक्कम देण्याआधी त्याच कापडावर एक नमुना छापून घ्यावा, एक दिवस जाऊ द्यावा, मग तो उलटा करून दोन-तीनदा धुवावा. यासाठी निदान आठवडाभर हाताशी हवा, म्हणून कापड आणि छपाईचा निर्णय श्रावण लागण्यापूर्वीच करावा.