मोठ्या संख्येचे अवयव पाडताना या चुका टाळा

९००७१९९२५४७४०९९३ ही सोळा अंकी संख्या मी नवशिक्यांना मुद्दाम देतो आणि तिचे मूळ अवयव व विभाजकांची संख्या काढायला सांगतो, कारण पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या बहुतेक चुका या एकाच संख्येवर उघड्या पडतात.

सर्वांत घातक चूक संख्या संगणकात भरतानाच होते. एका विद्यार्थ्याने असे लिहून आणले की ही संख्या म्हणजे २ चा ५३ वा घात आहे, २ खेरीज तिला मूळ अवयव नाही आणि तिचे एकूण विभाजक ५४ आहेत. शिवाय दुसऱ्या प्रोग्रामवरही हेच उत्तर आल्याचे त्याने ठामपणे सांगितले. ज्या संख्येच्या शेवटी ३ आहे तिला २ ने भाग जात नाही, एवढे पाहण्याचाही धीर त्याला नव्हता. दोन्ही प्रोग्राम संख्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट रूपात, म्हणजे ठरावीक अचूकतेच्या दशांश-संख्यांसाठीच्या रूपात, साठवत होते. त्या रूपात अचूकता ५३ बिटांपुरतीच असल्याने २ च्या ५३ व्या घातापुढची एकही विषम संख्या त्यात बसत नाही, आणि म्हणून शेवटच्या ९९३ चे कोणतीही सूचना न येता ९९२ झाले होते. ज्या पडताळणीवर तो विसंबला, ती त्याच चुकीची पुनरावृत्ती होती. स्प्रेडशीटमध्ये तर १५ सार्थ अंकांनंतर शून्य येते आणि संख्येला थेट १० ने भाग जाऊ लागतो. मी मोठी संख्या नेहमी मजकूर म्हणून भरतो, पायथनसारख्या प्रोग्रामिंग भाषेत तिचा पूर्णांक करतो आणि तो छापून शेवटचे अंक कागदावरच्या संख्येशी ताडल्याशिवाय पुढे जात नाही.

४ ने आणि ६ ने भाग गेला म्हणून २४ ने जाईलच असे नाही. १२ ला ४ ने आणि ६ ने भाग जातो, पण २४ ने जात नाही. विभाजक मोजताना प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवूनच गुणाकार करावा.

दुसरी चूक उतावळेपणाची आहे. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ७८ येते, त्यामुळे तिला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. पुढे १०७ नेही भाग जातो आणि २८०५९८१०७६२४३३ उरते. येथे बरेच जण हजारापर्यंतचे भाजक तपासून उरलेली संख्या मूळ असल्याचे जाहीर करतात. ती मूळ आहे हे खरे, पण तेवढ्याने ते सिद्ध होत नाही, कारण तिचे वर्गमूळ सुमारे ५२ लाख ९७ हजार आहे. ४२९४९६७२९७ ही संख्या गणितज्ञ फर्मा यांनाही मूळ वाटत होती. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलर यांनी तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवले. जे ६०० वर थांबले असते, ते फसले असते. संख्येहून १ ने लहान असा २ चा घात घेऊन त्याला त्या संख्येने भागल्यावर बाकी १ येते का, एवढेच पाहण्याची सोपी वाट मला मान्य नाही, कारण ४२९४९६७२९७ ही संयुक्त संख्याही त्या कसोटीला उतरते. त्या कसोटीचा उपयोग मी केवळ संख्या बाद करण्यासाठी करतो. मूळ म्हणण्याआधी वर्गमूळापर्यंतचे सर्व भागाकार संगणकाकडून पूर्ण करून घ्यावेत, आणि मगच, तिन्ही मूळ अवयवांचे घातांक १ असल्याने, विभाजकांची संख्या २ × २ × २ म्हणजे ८ अशी लिहावी.