जर्मनीत मध्ययुगीन इतिहास आणि भाषेचा उन्हाळी कोर्स करताय? या चुका टाळा

बांबर्ग, हायडेलबर्ग, ट्रिअर अशा जुन्या गावांतली विद्यापीठं साधारण ऑगस्टमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कोर्स घेतात. सकाळी भाषेचे तास, दुपारी इतिहास आणि संस्कृतीवर व्याख्यानं, मधूनमधून सहली. मध्ययुगाची ओढ असलेल्या मुलांसाठी याहून चांगली संधी मला दिसत नाही. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकलेली मुलं हौसेने तिकडे जातातही. पण भाषा एका वहीत आणि इतिहास दुसऱ्या वहीत ठेवून जातात, आणि दोन्ही वह्या अर्ध्याच भरतात. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

तारखा उशिरा बघणं

तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. ऑगस्टमध्ये आपली कॉलेजं ऐन भरात असतात, हजेरीचा प्रश्न उभा राहतो, अंतर्गत परीक्षा मध्येच येतात. त्यामुळे प्राचार्यांची परवानगी आधीच आणि लेखी घ्या. तेच ना हरकत पत्र व्हिसाच्या कागदांतही लागतं.

नव्वद दिवसांच्या आतल्या कोर्सला शेंगेन व्हिसा पुरतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मात्र मे-जूनमध्ये पर्यटकांची झुंबड असते आणि अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा पासपोर्ट, या दोन गोष्टी एप्रिलमध्येच तपासून घ्या. डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची शिष्यवृत्ती हवी असेल तर अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्यातच करावा लागतो. मार्चमध्ये चौकशी करणाऱ्याला पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते.

जर्मन येतं म्हणजे मध्ययुग वाचता येईल असं धरून चालणं

सगळ्यात मोठा अपेक्षाभंग इथे होतो. बी-वन म्हणजे मध्यम पातळीची मुलगी मोठ्या उमेदीने जाते, आणि पहिल्याच व्याख्यानात पडद्यावर लॅटिन दस्तऐवज येतो. सम्राटाची निवडणूक सात निर्वाचकांकडे सोपवणारं १३५६ चं सुवर्णमुद्रांकित फर्मान लॅटिनमध्ये आहे. मठांच्या दानपत्रांपासून बखरवजा वृत्तांतांपर्यंत त्या काळाचा बराचसा कारभार लॅटिनमध्येच चालला. आपल्याकडे शिवकाळावर काम करायचं तर नुसतं मराठी पुरत नाही, मोडी आणि फारसीशी गाठ पडतेच. तसंच हे.

जे जर्मनमध्ये आहे, तेही आजच्या जर्मनसारखं नाही. १२०० च्या सुमाराचं निबेलुंगेनलीड हे वीरकाव्य मध्य उच्च जर्मन या जुन्या भाषारूपात आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला साक्सेनश्पीगेल हा कायद्याचा ग्रंथ उत्तरेकडच्या बोलीत आहे. या भाषा एका महिन्यात येत नाहीत, आणि कोर्सची तशी अपेक्षाही नसते.

या धास्तीने काही जण जायच्या आधी कुरेंट हे जुनं जर्मन हस्ताक्षर शिकत बसतात. कष्ट चांगले, पण दिशा चुकीची. कुरेंट मुख्यतः नंतरच्या शतकांतल्या पत्रांना आणि नोंदवह्यांना उपयोगी. मध्ययुगीन हस्तलिखितं कॅरोलिंजियन किंवा गॉथिक वळणाची असतात, आणि त्यात अक्षरांपेक्षा संक्षेप जास्त छळतात.

मग तयारी काय करावी? एकच छोटं साधन निवडा आणि ते पक्कं करा. मी ११२२ चा वोर्म्सचा करार सुचवते. बिशप कोणी नेमायचे यावरून सम्राट आणि पोप यांच्यात अनेक दशकं चाललेल्या भांडणावरची ही तडजोड. एक कागद सम्राटाचा, एक पोपचा, आणि दोन्ही इतके लहान की एका बैठकीत वाचून होतात. लॅटिन पाठ आणि आधुनिक जर्मन भाषांतर शेजारी शेजारी ठेवून आठवडाभर रोज थोडं वाचा. बिशपचा दंड आणि अंगठी कोणी द्यायची यावर माणसं एवढी का भांडली, हे कळलं की पुढची निम्मी व्याख्यानं सोपी जातात. मूळ पाठांसाठी १८१९ पासून चालत आलेल्या मोनुमेंटा गेर्मानिए हिस्टोरिका या प्रकल्पाच्या आवृत्त्या इंटरनेटवर मोफत आहेत. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मानेसे हस्तलिखिताचं पानन् पान ऑनलाइन ठेवलंय. चौदाव्या शतकाच्या आरंभीचं हे काव्यसंग्रहाचं हस्तलिखित, कवींच्या १३७ चित्रांसह. ते घरी बसून आधी बघा. तिथे गेल्यावर मूळ प्रत हातात मिळेल अशी आशा धरू नका, विद्यार्थ्यांना ती देत नाहीत आणि ते योग्यच आहे.

जुनं दिसतं म्हणून मध्ययुगीन समजणं

नॉयश्वानश्टाइन किल्ल्याचा फोटो मध्ययुगावरच्या प्रेझेंटेशनच्या पहिल्या पानावर टाकणारे दर वर्षी भेटतात. त्या किल्ल्याचं बांधकाम १८६९ मध्ये सुरू झालं. कोलोनच्या कॅथीड्रलची पायाभरणी १२४८ ची, पण ते पूर्ण झालं १८८० मध्ये, आणि मध्ये जवळजवळ तीन शतकं काम बंद होतं. न्यूर्नबर्गचं जुनं शहर २ जानेवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालं. आज दिसतं त्यातलं पुष्कळसं नंतर पुन्हा उभं केलेलं आहे.

बांबर्गच्या कॅथीड्रलमध्ये हा धडा फार चांगला शिकता येतो. आत सम्राट हाइनरिश दुसरा आणि सम्राज्ञी कुनिगुंडे यांची समाधी आहे. बाजूंच्या शिल्पपट्टांत कुनिगुंडे आपलं पावित्र्य सिद्ध करायला तापलेल्या नांगराच्या फाळांवरून अनवाणी चालते आहे. भोवतीच्या माणसांचे अंगरखे, टोप्या, घड्यांचे झगे इतके बारकाईने कोरलेत की वाटतं, अकराव्या शतकातले लोक असेच राहत असणार. पण हाइनरिश वारला १०२४ मध्ये, आणि टिलमान रीमेनश्नायडरने ही समाधी कोरली १४९९ ते १५१३ च्या दरम्यान. कपडे शिल्पकाराच्या काळचे आहेत. अकराव्या शतकाच्या पोशाखाचा पुरावा म्हणून या शिल्पाचा उपयोग शून्य. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लोकांना आपले संत-राजे कसे आठवत होते, यासाठी मात्र ते अमोल आहे.

ज्या इमारतीत आपण उभे असतो ती हाइनरिशची नव्हेच. त्याचं कॅथीड्रल १०१२ चं, ते जळालं, आजच्याचं अभिषेकपूजन १२३७ चं. आतला साधा, उघड्या दगडाचा, ‘अस्सल मध्ययुगीन’ वाटणारा भाव तर एकोणिसाव्या शतकातला आहे. बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला याच्या हुकमाने तिथली बरोक काळची सजावट काढून टाकली गेली.

म्हणून प्रत्येक वास्तूपाशी तीन प्रश्न विचारायची सवय लावा: हे कधी बांधलं, कधी बदललं, आणि बदलणाऱ्याला काय दाखवायचं होतं? हे तीन प्रश्न जर्मनमध्ये पाठ करून जा. गाइडला ते विचारलेत की तो खुलतो, आणि त्या दहा मिनिटांत भाषेचा जो सराव होतो तो वर्गात होत नाही.

राजधानी शोधत बसणं

मध्ययुगातल्या या सम्राटांच्या पवित्र रोमन साम्राज्याला दिल्लीसारखी एक राजधानी नव्हती. राजा दरबारासकट एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात फिरायचा, आणि आखेन, श्पायर, रेगेन्सबुर्ग, गोसलार ही ठिकाणं वेगवेगळ्या कारणांनी महत्त्वाची होती. नकाशा छापून त्यावर या जागा स्वतः खुणा करा. आणि श्पायर-वोर्म्स-माइन्झची सहल असेल तर कॅथीड्रल बघून परतू नका. १०९६ मध्ये पहिल्या क्रुसेडच्या वेळी ऱ्हाइनकाठच्या ज्यू वस्त्यांवर झालेली कत्तल हा त्याच इतिहासाचा भाग आहे. वोर्म्सचं जुनं ज्यू स्मशान आणि श्पायरचं स्नानकुंड जरूर पाहा.

प्रवेश-चाचणीत वरचा वर्ग पटकावणं

पहिल्या दिवशी पातळी ठरवायची परीक्षा असते. व्याकरण हा आपल्या मुलांचा हातखंडा, त्यामुळे कागदावर गुण भरपूर मिळतात. मग वरच्या वर्गात बसल्यावर बोलताना दातखिळी बसते. तसं झालं तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच शिक्षकांना सांगा, तेव्हा वर्ग बदलणं सोपं असतं. यात कमीपणा नाही.

दुपारचं व्याख्यान कळत नसेल तर बहुधा व्याकरण नडत नाही, पारिभाषिक शब्द नडतात. बिस्टुम म्हणजे धर्मप्रांत, उर्कुंडे म्हणजे सनद, लेहेन म्हणजे सेवेच्या बदल्यात दिलेली जहागीर, फाल्त्स म्हणजे राजाच्या मुक्कामाचा वाडा. असे तीस-चाळीस शब्द आधी जमवा. दुसरी अडचण सनांची. जर्मनमध्ये सदतीस म्हणताना सात आधी येतो आणि तीस नंतर. मराठीतही तसंच आहे, तेव्हा आकडे मनात इंग्रजीत वळवू नका, थेट मराठीत ऐका.

आणि भाषेचा खरा सराव फलकांवर होतो. संग्रहालयातल्या पाट्या, चर्चमधली पत्रकं, पुलाजवळचे माहितीफलक हे बी-वनच्या विद्यार्थ्याला झेपण्यासारखे असतात. रोज एक फलक उतरवून घ्या, संध्याकाळी त्यातलं एखादं वाक्य सकाळच्या वर्गातल्या नियमाशी ताडून पाहा. आपल्याच माणसांच्या घोळक्यात जेवायला बसणं स्वाभाविक आहे, पण निदान सहलीच्या बसमध्ये वेगळं बसा.

बारीकसारीक

वेळापत्रकात तासापुढे ‘त्से. टे.’ लिहिलं असेल तर तो पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो, ‘एस. टे.’ असेल तर ठोक्याला. रविवारी दुकानं बंद. बांबर्गसारख्या कॅथलिक गावात १५ ऑगस्टलाही बंद, कारण मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण असतो; झेंडावंदनानंतर काही करायचं असेल तर किराणा १४ लाच आणा. स्थानिक आणि प्रादेशिक गाड्या-बसचा देशभर चालणारा पास, म्हणजे डॉइचलँड-तिकीट, २०२६ पासून महिन्याला ६३ युरोंना आहे आणि वेगवान आयसीई गाड्यांत चालत नाही. ती मासिक वर्गणी आहे. ऑगस्टअखेर थांबवायची तर १० ऑगस्टपर्यंत रद्द करावी लागते, नाहीतर सप्टेंबरचेही पैसे जातात. कोर्सच्या फीमध्ये स्थानिक प्रवास धरलेला असेल तर ते घ्यायची गरजही नसते, आधी विचारा.

प्रमाणपत्र तसंच उचलून निघणं

त्यावर एकूण तास, भाषेची पातळी, युरोपीय क्रेडिट आणि मिळालेली श्रेणी या चारही गोष्टी आहेत का ते शेवटच्या आठवड्यात पाहा. जर्मनीत एक क्रेडिट म्हणजे साधारण तीस तासांचं काम, आणि आपलं कॉलेज नेमकं हेच विचारतं. इतिहासाच्या व्याख्यानांचे विषय वेगळ्या पानावर सही-शिक्क्यानिशी मागून घ्या. कोर्स संपला की ते कार्यालय पुढच्या कामांना लागतं आणि सप्टेंबरमध्ये ईमेलला उत्तर यायला वेळ लागतो.