चॅटिंग पुरे, आता भेटा

माझ्या भाच्या मला डेटिंग ॲपवरच्या गप्पांचे स्क्रीनशॉट पाठवतात. "मावशी, हा कसा वाटतो?" मी उलट विचारते, भेटलीस का? बहुतेक वेळा उत्तर येतं, अजून नाही, पण आम्ही रोज रात्री बोलतो.

हे रोज रात्रीचं बोलणंच आधी आवरा. जोसेफ वॉल्थर या संवाद-अभ्यासकाने 1996 मध्येच लिहून ठेवलंय की लेखी गप्पांमध्ये माणूस स्वतःचं निवडक रूप दाखवतो, आणि वाचणारा उरलेल्या जागा आपल्या मनाने भरतो. म्हणजे तीन महिने चॅट करून तुम्ही ज्याच्या प्रेमात पडता, तो निम्मा तुम्हीच घडवलेला असतो. म्हणून आठवडा-दोन आठवडे गप्पा जमल्या की भेट ठरवा.

त्याआधी फोटो तपासा. प्रोफाइलमधल्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्या, फक्त फोटोचा भाग कापून ठेवा आणि तो गूगल लेन्स किंवा टिनआयवर (इंटरनेटवर तोच फोटो आणखी कुठे आहे ते शोधणारी साधनं) टाका. तोच फोटो दुसऱ्या नावाने सापडला तर विषय संपला. काहीच सापडलं नाही म्हणून खूश होऊ नका, हल्ली चेहरे एआयनेही बनतात. मग पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा. कॅमेरा बिघडलाय हे कारण मी एकदा ऐकून घेते, दुसऱ्यांदा नाही.

हाच प्रयोग स्वतःच्या फोटोवरही करा. इन्स्टाग्रामवरचाच फोटो डेटिंग ॲपवर लावला असेल, तर त्यावरून तुमचं आडनाव आणि ऑफिस शोधायला फार अक्कल लागत नाही. ॲपवर वेगळे फोटो लावा आणि तुम्ही किती अंतरावर आहात ते दाखवण्याची सोय बंद ठेवा. टिंडरमध्ये 2013 साली एक त्रुटी सापडली होती: ॲप समोरच्याचं अंतर इतकं अचूक पाठवत होतं की तीन ठिकाणांहून मोजलं की त्याचा नेमका ठावठिकाणा काढता येत होता. ती नंतर दुरुस्त झाली, पण माझी सवय काही सुटली नाही.

पैशांबद्दल. अमेरिकेत 2022 या एका वर्षात प्रेमाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीत सुमारे 1.3 अब्ज डॉलर गेल्याच्या तक्रारी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक-संरक्षण संस्थेकडे आल्या. फसलेले सगळे काही भोळेभाबडे नव्हते. पूर्वी आजारी आई, अडकलेलं पार्सल अशा कहाण्या यायच्या, अजूनही येतात. नवा प्रकार जास्त हुशार आहे. त्यात समोरचा आधी पैसे मागतच नाही. "मी इथे गुंतवतो, तूही बघ" म्हणत एक ॲप दाखवतो. सुरुवातीला थोडी रक्कम नफ्यासह परतही मिळते आणि तिथेच विश्वास बसतो. मोठी रक्कम टाकली की ती काढताना "कर" मागितला जातो. न भेटलेल्या माणसाने गुंतवणुकीचं नाव काढलं की ब्लॉक करा. सभ्यपणा वगैरे नंतर.

पहिली भेट तासाभराची, दिवसा, माणसांची वर्दळ असेल अशा जागी ठेवा. जेवणाचा बेत नको, मध्येच उठता येत नाही. जायची-यायची सोय स्वतःची असू द्या, घरापासून न्यायला बोलावू नका. एका मैत्रिणीला प्रोफाइलचा स्क्रीनशॉट, जागा आणि परतायची वेळ कळवून ठेवा. समोर बसल्यावर मी तर एवढंच बघेन: मी बोलत असताना तो ऐकतोय, की स्वतःची पाळी यायची वाट बघतोय?

नाही जमलं तर त्याच रात्री कळवा. "भेटून बरं वाटलं, पण मला पुढे जावंसं वाटत नाही." एवढं पुरे, कारणं देत बसू नका, कारण दिलं की त्यावर वाद सुरू होतो. आणि मग त्याच्या इन्स्टाग्रामवरच्या स्टोऱ्या बघू नका. कोणी पाहिली त्या यादीत तुमचं नाव त्याला दिसतं.